उपास कोणी करायचा

काऊश्युंग, ३ मार्च

ती. आत्यास पेइशानचा साष्टांग नमस्कार.

फोनवर तुला धड ऐकू येत नाही म्हणून लिहिते. बाबांचं यकृत संपत आलंय. डॉक्टर महिना-दीड महिना म्हणतात. माझ्या यकृताचा तुकडा त्यांना चालतो, पण माझ्या रक्तात बिलिरुबिन, काविळीत वाढतं ते, थोडं जास्त निघालं. १.२ च्या आत हवं, माझं २.१. यकृताच्या तज्ज्ञाने लिहून दिल्याशिवाय सर्जन मला हात लावणार नाहीत. तीन तज्ज्ञ झाले. शेवटचा म्हणाला, तीन महिन्यांनी बघू. तीन महिने आणू कुठून?

तू सांगितलेला मात्सूदेवीचा नवस चालू आहे. दुपारनंतर अन्नाला शिवत नाही.

तुझी माया असू दे.

लुगांग, ६ मार्च

चि. पेइशानला आत्याचे आशीर्वाद.

तुझ्या बापाला मी पाठीवर बांधून वाढवलंय. माझ्याआधी जायची त्याला परवानगी नाही, असं त्याला बजाव. तिघांनी हात टेकले तर चौथा गाठ, रडत काय बसतेस! देवीला कळवळा येत नाही म्हणजे आपलंच कमी पडतंय. आता दिवसाला सकाळची एक वाटी पेजच घे.

खुशाली कळवत जा.

काऊश्युंग, १४ मार्च

ती. आत्यास सा. न.

पेजेवर राहून आकडा ३.२ झाला. बाबा मला पाहिलं की भिंतीकडे तोंड करतात.

काल ताइनानला एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्यांनी कागद बाजूला ठेवून आधी विचारलं, काल काय जेवलीस? मी नवसाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, काही माणसांचं हे जन्मतःच असतं, धोका काही नाही, पण पोट रिकामं राहिलं की आकडा चढतो. आठ दिवस नीट जेव, उतरला की मी लिहून देते.

आत्या, घास तोंडाशी नेते आणि हात थांबतो. नवस मोडला आणि बाबांना काही झालं तर? काल रात्रीही जेवले नाही. काय करू ते उलट टपाली सांग.

लुगांग, १६ मार्च

चि. पेइशान,

तुझा आकडा मी वाढवला गं पोरी. देवळात जाऊन कौल लावला. नवस सोडू का, म्हणून दोनदा विचारलं, दोन्ही वेळा देवी नाही म्हणाली. मग विचारलं, तिच्याऐवजी मी करू का? लगेच हो म्हणाली.

आजपासून उपास माझा. माझं रक्त कोणी तपासत नाही. सोबत सुकी कालवं आणि शेवया पाठवल्यात. आधी जेव, मग पत्राची घडी कर.

काऊश्युंग, २६ मार्च

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

आकडा १.५. जन्मतःचंच आहे म्हणून एवढं चालेल, असं बाईंनी लिहून दिलं. बाबांना आणि मला ३० तारखेला सकाळी आत नेणार आहेत. बाबा माझ्याकडे बघून रडले, मग म्हणाले, शेवया माझ्यासाठी उरल्या का?

आदल्या रात्री आम्ही दोघांनी काही खायचं नाही, असं सर्जनने सांगितलंय. तेवढा एक उपास आमचा. त्या रात्री तू पोटभर जेव, आत्या.