कानातलं तेल

पिंप्राळा, जळगाव
२१ नोव्हेंबर १९८९

चि. सुगत यास,
सप्रेम जयभीम.

इकडे थंडी पडू लागली आहे. हसीनाबी कुंपणावरून रोज विचारते, "तुमचा पोरगा मासा झाला का, बाई?" तिला तुझं पत्र वाचून दाखवलं.

मीही ते पुन्हा पुन्हा वाचलं. समुद्राच्या तळाशी तुला सरळ रांगेत दगड दिसले. ती भिंत निघाली तर तिथे कधीकाळी वस्ती होती असं ठरेल, आणि शुक्रवारी खाली उतरून वाळू बाजूला सारणार आहेस तू. शाळेत सिस्टर आम्हाला नकाशातला समुद्र निळ्या खडूने रंगवायला लावत. त्या निळ्याखाली कुणाची चूल असेल, असं मनातसुद्धा आलं नव्हतं.

दिवाळीत साक्रीच्या भागाआक्कांनी तुला कसं डिवचलं, आठवतं? "पानीमा काय तुनं वावर शे का रे, भाऊ?"

तू म्हणालास, "वावर नाही आक्का, घरं. समुद्र चढत आला तेव्हा एखाद्या आईने पोरांना हाताला धरून वर ओढत नेलं असेल. पोरं मागे वळून वळून रडली असतील."

आक्का म्हणाल्या, "मायच ती."

त्याच सकाळी मी तुझ्या डोक्याला तेल लावलं होतं. लहानपणी सोडायचे तसं डाव्या कानातही कोमट करून सोडलं. तू ताडकन उठून बसलास. "आई, घशात तेलाची चव आली!" मी हसले. तू हसला नाहीस. "हे कुणाला बोलू नकोस," एवढंच म्हणालास. मग चार दिवस कुणीही हाक मारली की उजवा कान पुढे करत होतास. मी काही विचारलं नाही.

काल मात्र कानाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"कानातलं तेल घशात उतरलं म्हणजे पडद्याला भोक आहे, बाई. आणि तो समुद्रात उतरतो? गार पाणी आत शिरलं की डोकं गरगरतं. खाली असताना वर कुठे नि तळ कुठे, हेच कळत नाही."

रात्रभर झोप नाही. तुला ठाऊक होतं ना? सांगितलंस तर बोटीवरून उतरवतील, म्हणून गप्प राहिलास ना? तुला नुसतं पत्र लिहावं, तर ते शुक्रवारनंतर पोहोचणार. पोहोचलं असतं तरी तू ऐकलं नसतंस.

म्हणून आज सकाळी पोस्टात गेले. खिडकीतल्या जीवरामने विचारलं, "तातडीची का, ताई?" म्हटलं, तातडीची. तुमच्या मोहिमेच्या पंड्यासाहेबांच्या नावाने तार गेली: सुगतच्या कानाचा पडदा फाटला आहे. त्याला पाण्यात उतरवू नका. आई.

हे वाचशील तोवर ती भिंत दुसऱ्या कुणाच्या हाताला लागली असेल. तिच्यासाठी तू किती वर्षं झुरलास, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

हवं तर बोलू नकोस माझ्याशी. मागे वळून वळून रड. मी हात सोडणार नाही.

तुला वर ओढणारी,
आई