दादा, तुझा सर्व्हर आता आपोआप सुरू होतो

प्रिय दादा,

आज तुझा सर्व्हर आपोआप सुरू झाला. आईला सांगायला गेलो तर ती डबे भरायला वळली. मग सांगू कोणाला? म्हणून तुलाच लिहितोय.

तुझं तेरावं झालं की मी निघणार होतो. माहितीये ना तुला, दहावीनंतर मी कुठे टिकलोय? पण दुसऱ्याच दिवशी आईचं पोळी-भाजी केंद्र पुन्हा उघडलं आणि बोंब! काउंटरवरच्या मोबाईलवर घेतलेली ऑर्डर आत किचनच्या मोबाईलवर दिसेना. कमलमावशी लाटणं घेऊनच बाहेर आली. "अरे, पोळ्या काय गिऱ्हाइकाचं तोंड बघून लाटू?"

तेव्हा कळलं, काउंटरखालचा कंप्युटर लावून भागत नाही. त्यातला, ऑर्डर आत पोचवणारा सर्व्हर तू रोज हाताने सुरू करायचास. ते काम मग माझ्या गळ्यात! डोंबिवलीत लाईट गेली की मी असेन तिथून परत. एकदा नौपाड्यात एका चहावाल्याशी मस्त गप्पा चाललेल्या, मालवणचा होता, त्याचा काका होडीवर... जाऊ दे.

शेवटी मी सर्व्हरचा शॉर्टकट स्टार्टअप फोल्डरमध्ये टाकला, म्हणजे कंप्युटरबरोबर तोही सुरू होईल, कंप्युटर बंद-चालू करून बघितला आणि सॅक उचलली. माजिवड्याला नाशिकच्या गाडीची वाट बघत उभा होतो, तर आईचा फोन. "लाईट आली रे, पण हा पासवर्ड मागतोय."

घ्या! पासवर्ड टाकल्याशिवाय तो शॉर्टकट चालतच नाही. बघताना मीच टाकलेला, लक्षातच आलं नाही. फोनवर सांगायला गेलो, तर मोठी अक्षरं, छोटी अक्षरं, आई रडकुंडीला आली. आलो परत.

आज नीट केलं. सर्व्हर आता सर्व्हिस म्हणून लावलाय, म्हणजे तो पासवर्डच्या आधीच पडद्यामागे उठतो. आईने फक्त बटण दाबलं, काउंटरवर ऑर्डर घेतली आणि ती किचनमध्ये दिसली! मावशीने पिठाच्या हातांनी टाळ्या पिटल्या.

आई एवढंच म्हणाली, "म्हणजे आता तुला थांबायला नको."

दादा, एवढंसं काम तुला येत नव्हतं? सगळं तूच तर बनवलेलंस! मग का नाही केलंस? तिने रोज सकाळी तुला हाक मारावी म्हणून? गोव्याला चल म्हटलं की तुझं ठरलेलं, "सर्व्हर कोण लावेल?" मी हसायचो. तू अडकलेलास, की लपलेलास रे?

आता मला अडवणारं काही नाही आणि पाय निघत नाहीये. कंप्युटरला शिव्या तरी देता यायच्या. आईला काय बोलू?

उद्या निघतो. रोज फोन करीन, आणि सर्व्हरचं विचारणार नाही, शप्पथ. ती जेवली का ते विचारीन. आणि "ये" म्हणाली, तर लाईट गेलेली नसली तरी येईन.

तुझाच,
पिंट्या