भोवरा नसलेला घोडा

रनाळे, जि. नंदुरबार
गुरुवार, ९ एप्रिल २०२६

प्रिय रुचिका,

आज सकाळी शेतात जाऊन आलो. पपईला पाणी सोडलं. ऊन फार होतं, म्हणून लवकरच घरी परतलो. दुपारी नमन आला, तुझा गेमचा डबा न्यायला. तू त्याला फोन केला होतास म्हणाला. मी त्याला चहा दिला, टरबूज कापून दिलं आणि परत पाठवलं. आखाजी होऊन जाऊ दे, मग ये, असं सांगितलं. संध्याकाळी वीज गेली होती, ती आता आली.

तू रागावणार हे मला माहीत आहे. होळीला तू फोनवर स्पष्ट म्हणालीस, पप्पा, तो डबा घरात असेल तोवर मी रनाळ्याला येणार नाही. मी हो म्हणालो होतो. आखाजी आता दहा दिवसांवर आली. अक्षय्यतृतीयेची ही तुझ्या आईच्या नावाची पहिली घागर. ती तुझ्या हाताने भरली जावी असं मला वाटतं, आणि तू यायची तर डबा जायला हवा. सरळ गोष्ट आहे. तरी आज मी तो दिला नाही. का दिला नाही हे मला फोनवर सांगता आलं नसतं. फोनवर मी 'जेवलीस का' याच्या पुढे जात नाही. म्हणून लिहायला बसलो. पंचायत समितीत आयुष्यभर टिपण्या लिहिल्या, पण घरच्या माणसाला असं लांब पत्र कधी लिहिलं नाही. कुठे ऑफिससारखं वाटलं तर हसून सोडून दे.

तू दोन दिवाळ्यांपूर्वी तो डबा घेऊन आलीस तेव्हा मला तो आवडला नव्हता. एवढी शिकलेली मुलगी सुट्टीत घरी येते आणि टीव्हीसमोर भूत-राक्षसांशी लढत बसते, असं मनात आलं होतं. तुझी आई मात्र बाजूला बसून मिरच्यांची देठं खुडत बघत होती. तिसऱ्या दिवशी तिने तुला एकच विचारलं, तो लांबचा डोंगर दिसतो, तिथे जाता येतं का? तू म्हणालीस, दिसतो तिथे सगळीकडे जाता येतं. तिला खरं वाटेना. पडद्यावर काढलेला डोंगर, तिथे कसं जाणार? मग तू तिच्या हातात रिमोट दिलास. मिरचीचे हात तसेच होते. नंतर, बटणं दाखवताना ती मिरची तुझ्याही हाताला लागली असणार, तू डोळे चोळत मोरीकडे पळालीस आणि ती इकडे हसत होती, पण रिमोट काही सोडला नाही. डायलिसिस सुरू झाल्यापासून मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. तू जाताना डबा इथेच ठेवून गेलीस, त्याचं कारण मला तेव्हाही कळलं होतं. बोललो नाही एवढंच.

तिला लढाईचं काही नव्हतं. सुरुवातीच्या गावात एक म्हातारा भेटतो ना, राजाने बोलावलंय, लवकर चल, राज्य संकटात आहे म्हणणारा, त्याला ती आपल्या अहिराणीत सांगायची, "बाबा, तू हो पुढे, मी येस मांगेमांगे." गेली मात्र कधीच नाही. तो म्हातारा अजून त्या वेशीत उभा आहे. तिला हवा होता घोडा. आणि घोडा घ्यायला ती पहिल्यांदा गेली तेव्हा मी पेपर बाजूला ठेवला होता. कारण तिने त्या तबेल्यातल्या प्रत्येक घोड्याभोवती तीन-तीन फेऱ्या मारल्या आणि शेवटी वैतागून तुला फोन लावला, "एक बी घोडाले भोवरा नही वं, हाऊ कसा लेवाना?" सारंगखेड्याच्या घोडेबाजारात वाढलेली बाई ती. तिच्या वडिलांनी, चुडामण आबांनी, अंगावरचे केसांचे भोवरे पाहिल्याशिवाय कधी घोडं दावणीला बांधलं नाही. कपाळावर एक असेल तर चांगला, मानेखाली वाईट, हे तिला पाठ होतं. तू सांगून सांगून थकलीस की मम्मी, हे गेम बनवणाऱ्यांना भोवरा माहीतच नाही. शेवटी तिने काळाभोर घोडा घेतला आणि म्हणाली, आबांना सांगू नका, बिनभोवऱ्याचा घेतला.

तुला हे माहीत आहे का, की ती खऱ्या घोड्यावर कधी बसली नाही? आबांच्या दारात तीन-तीन घोड्या असायच्या. पोरींनी त्यांना पाणी दाखवायचं, चारा टाकायचा, शेण काढायचं. बसायचं भावांनी. लग्नानंतर एकदा आम्ही दोघं यात्रेला गेलो होतो. ती एका पांढऱ्या घोडीच्या मानेवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं पाय दुखत असतील, म्हणून मी तिला रसवंतीवर नेऊन बसवलं.

तिला गेममधली इंग्रजी नावं वाचता यायची नाहीत, म्हणून तिने सगळा मुलूख आपल्याकडच्या नावांनी भरून टाकला. दगडी पूल दिसला की सारंगखेड्याचा पूल. वळणावळणाची चढण आली की मोलगीचा घाट. वरचं निळं पाणी म्हणजे तोरणमाळचा तलाव. त्यावरून झालेली गंमत तुला मी सांगितली की नाही आठवत नाही. शेजारची रूपलीबाई ताक द्यायला आली तेव्हा तुझी आई तुझ्याशी फोनवर बोलत होती, "मोलगीना घाटमा लांडगा उना, मी घोडा सोडीसन पळनू!" रूपलीबाई ताकाचा तांब्या ओट्यावरच ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी स्टँडवर, ते ऐकून, गावातल्या सुकलालने मला अडवलं. म्हणे, दादा, वहिनींची तब्येत अशी, आणि तुम्ही त्यांना मोलगीला एकटं धाडता? मी म्हणालो, जीपमध्ये जागा नव्हती. त्याला ते खरंच वाटलं.

तुमच्या दोघींचं ते फोनवर भेटणं मला सुरुवातीला कळायचं नाही. ती इथे रनाळ्यात, तू पुण्यात, तुझ्याकडे तुझा वेगळा डबा. ती तिच्या डब्यात एखाद्या ठिकाणी जाऊन थांबायची, तू तुझ्या डब्यात तिथेच यायचीस. "उनी का वं?" ती विचारायची. तू आले म्हणालीस की ती सावरून बसायची, पदर नीट करायची. पडद्यावर तर तिच्या बाजूला कोणीच नसायचं. मी एकदा म्हणालो, अगं, ती तुला दिसत नाही, तू तिला दिसत नाहीस, मग भेट कसली? ती म्हणाली, तुम्ही देवळात जाता तेव्हा कोण दिसतं? मी पुन्हा पेपर उघडला.

आणखी एक होतं, ते तुला फोनवरून दिसलं नसेल. डॉक्टरांनी तिला दिवसभरासाठी पाण्याची बाटली ठरवून दिली होती. ती बाटली ती दुपारपर्यंत जपायची, मग उन्हाळ्यात बर्फाचा खडा तोंडात धरायची. गेममध्ये मात्र नदी आली की ती घोड्यावरून उतरून पाण्यात जाऊन उभी राहायची. काही करायची नाही. पाण्याचा आवाज येतो ना त्यात, तो मोठा करायची. मी स्वयंपाकघरात माठातून पाणी घ्यायचो, तेही आवाज न करता.

ती गेल्यानंतरचं तू पाहिलंस. संक्रांतीच्या आठवड्यातली ती सकाळ, नंदुरबारला पोहोचायच्या आधी रस्त्यातच सगळं संपलं. हृदय थकलं आहे हे डॉक्टरांनी दिवाळीतच आपल्या दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. तरी दिवसकार्याला, गंधमुक्तीच्या दिवशी छबूआत्या भरल्या खोलीत म्हणाली, "आंडेरनी डबा धाडा आन मायले बसाडी ठेवं." लेकीनेच डबा धाडून आईला बसवून ठेवलं म्हणे, तू उठून आत गेलीस. त्यापुढचं तू ऐकलं नाहीस. मी चारचौघांत बोलत नाही, पण त्या दिवशी म्हणालो, "छबूबाई, ती बठेल नव्हती, फिरी ऱ्हायनी व्हती." छबूबाईने नंतर जाताना माझ्या हाताला धरलं आणि रडली. तिच्याबद्दल मनात ठेवू नकोस.

सव्वा महिना लोक येत राहिले. मग येईनासे झाले, तेही बरोबरच आहे, सगळ्यांना कामं आहेत. घरात आवाज राहिला नाही. संध्याकाळी शेतातून आलो की मी आधी टीव्ही लावायचो, बातम्या कोणत्या हे मला सांगता येणार नाही. एक दिवस मी नमनला दुकानातून बोलावलं आणि म्हणालो, तो डबा चालू करून दे, फक्त बघायचा आहे. नमन तुझ्याच वर्गातला, समजूतदार निघाला. चालू करायच्या आधी म्हणाला, काका, थांबा, तुम्ही एक पाऊल जरी टाकलं तरी हा आपोआप नवीन जागा धरतो, काकूंची जागा पुसली जाईल. त्याने तिची जागा वेगळी जपून ठेवली आणि मला हिंडायला दुसरी करून दिली. तेव्हा त्याने दाखवलं की तिची जागा त्या शेवटच्या संध्याकाळची आहे. तारीख-वेळ लिहिलेली असते. मी रात्री शेतावरून परतलो त्याच्या थोडी आधीची.

घोडा एका उंच माळावर उभा होता. तिने सांगितलेल्या कुठल्याच जागेसारखं ते नव्हतं. गवत पांढरट, खाली खोल दरीत ढग. पाठीवरच्या पिशवीत नुसती फुलं, एकही विकलेलं नाही. तलवार नवी कोरी. मला कळेना ही कुठे आली. मग मी शिकलो, रुचिका. हसू नकोस. रोज संध्याकाळी भाकरी खाऊन बसायचो. घोडा झाडावर आपटायचा, मी कड्यावरून पडायचो, पुन्हा माळावर उभा. मला फक्त तलाव कुठे आहे ते शोधायचं होतं. त्या नादात बाकीचं दिसत गेलं. एका वळणावर पहाट झाली तेव्हा मी रिमोट मांडीवर ठेवून बघत बसलो. तिथे कोणी विचारत नाही, कसं चाललंय, जेवणाचं काय करता. कुठे पोहोचायचं नसतं. तिला काय सापडलं होतं ते मला तिच्याबरोबर बसून कळलं असतं, पण मी पेपर वाचत होतो.

तलाव मला मागच्या आठवड्यात सापडला. आणि मी हे पत्र लिहितोय ते त्यासाठीच. तू कधी बोलली नाहीस, पण तुझ्या आईचा फोन माझ्याकडेच आहे. त्या संध्याकाळचा तुला पाठवलेला तिचा आवाज त्यात आहे, "तलाववर उनू मी, तू बी ये." त्याच्या खाली तुझं रात्री उशिराचं, सॉरी मम्मी, मीटिंग होती, उद्या नक्की. तुला तो डबा का नको आहे हे मला तेव्हाच कळलं. तुला वाटतं ती तिथे पाण्याकाठी बसून राहिली, तुझी वाट बघत. तशी ती बसली नव्हती. तलावाच्या पुढे ती खिंड आहे, जिथे मम्मी, एकटी जाऊ नकोस, मी सांगेन तेव्हा जा, असं तू तिला वर्षभर बजावत होतीस. ती त्या खिंडीतून गेली. तुला निरोप टाकल्यानंतर, एकटी, तलवार न काढता. मी तोच रस्ता उलटा आलो, म्हणून सांगतो, सोपा नाही, मी सात-आठ वेळा मेलो. खिंडीच्या पलीकडे तो माळ आहे. म्हणजे तिची शेवटची संध्याकाळ कोणाची वाट बघण्यात गेली नाही, घोडा दामटण्यात गेली. त्या रात्री मला जेवायला वाढताना तिचे गाल लाल होते. मी ताप आहे का म्हणून कपाळाला हात लावला, तर तिने हात झटकला आणि हसली. तिची जागा नमनने ठेवली तशीच आहे, मी तिला हात लावलेला नाही. तू ये आणि एकदा तिथे उभी राहून खाली बघ. त्यानंतरही डबा नको म्हणालीस तर मी स्वतः मोटारसायकलवर बांधून नमनच्या दुकानात पोहोचवीन, काही विचारणार नाही. आता थांबतो. सकाळी नंदुरबारला जाऊन हे टपालात टाकीन. भांडी घासायची राहिली आहेत. एकाच माणसाची आहेत, वेळ लागत नाही.

तुझाच,
पप्पा