इनिशियल जुळलं की माणूस जुळला

२ जून, सोमवार
आजवर या हातांनी केलेलं: इडलीचं पीठ वाटायच्या ग्राइंडरची मोटर (अजून चालू). आमच्या सिंगानल्लूर गावच्या गणपतीच्या देवळातला विजेवर वाजणारा नगारा. आईच्या आजारपणात सलाइनचा चाकांचा स्टँड. तो बघून डॉक्टरांनी कुठून घेतला म्हणून विचारलं होतं. कुठल्याही कॉलेजात गेलो नाही. कॉम्प्युटरसुद्धा खोलून शिकलो.
आणि आजपासून, वय एक्कावन्न, इंटर्न. हॉस्पिटलांना तंत्रज्ञानाचा सल्ला देणारी कंपनी. वयाची अट नाही असं जाहिरातीतच होतं. महिनाअखेर तिघांतून एकाला कायम घेणार. बाकी दोघी बावीस वर्षांच्या पोरी. वाईट वाटतं बिचाऱ्यांचं.
वरिष्ठ याळिनी. माझ्या मुलीपेक्षा थोडी मोठी. मला अण्णा म्हणते. आदर आहे.
बायको पूंगोडी म्हणाली, मोटर वाइंडिंगचं दुकान बंद ठेवून चाललात, गिऱ्हाइकांना काय सांगू? म्हटलं, सांग, साहेब सल्ला द्यायला गेलेत. ती म्हणाली, सांगते, पण त्यांना मोटर हवी असते.

५ जून
काम मिळालं. आमच्याच भागातलं हॉस्पिटल, तिथे नवं सॉफ्टवेअर येतंय. पेशंटांची जुनी कार्डं त्यात न्यायची. एकाच माणसाची दोन-तीन कार्डं असली तर एक करायची. सॉफ्टवेअर परमुलखातल्या कुणी केलेलं. त्यात आडनावाचा रकाना. इथे तमिळ मुलखात आडनाव आहे कुणाला? पुढे बापाच्या नावाचं इनिशियल, मागे आपलं नाव, संपलं. बाईने लग्नानंतर नवऱ्याचं लावायचं.
याळिनीची पद्धत: शंका आली की पेशंटच्या घरी फोन करा.

६ जून
तीन फोन केले. पहिला म्हणाला, लोनवाला का रे तू? फोन आपटला. दुसरी म्हणाली, आमच्या सासूबाई दोन नाहीत हो, एकच आहे, तीच पुरे आहे. तिसऱ्याने माझंच इनिशियल विचारलं.
ही पद्धत नव्हे. नियम करायला हवा.

११ जून
नियम तयार. नाव, इनिशियल, जन्मवर्ष, तिन्ही जुळलं की माणूस एक. जुळलं नाही आणि दहा वर्षांत फिरकला नाही, तर कार्ड बंद पेटीत. वॉर्डातल्या स्क्रीनवर दिसणारच नाही. स्वच्छ.
याळिनी म्हणाली, अण्णा, लग्न झालेल्या बायकांची जुनी कार्डं? म्हटलं, लग्नाच्या दिवसापासून बाई नवऱ्याचं इनिशियल लावते. माझ्या घरचंच उदाहरण: लग्न आधी, हॉस्पिटल नंतर. ती म्हणाली, तरी फोन कराच हं.
करतो म्हणालो. करीनही.

१६ जून
फोन केले नाहीत. याळिनीने विचारलं, झालं का? म्हटलं, काम झालंय. यात खोटं काही नाही.
पूंगोडीच्या पायाला मागच्या अंगणातला पत्रा लागला. सुजलाय म्हणते. म्हटलं, शनिवारी दाखवू. शुक्रवारी माझं सादरीकरण आहे.

१९ जून
पाय जास्त सुजलाय. म्हणाली, अहो, आज जाऊ या का? म्हटलं, परवा. उद्या माझ्या कायमच्या नोकरीचा प्रश्न आहे.

२० जून, सकाळ
सॉफ्टवेअर सुरू झालं. सादरीकरण उत्तम. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, त्या बंद पेटीत कोण आहे? म्हटलं, कोणी नाही हो, नुसते कागद. हसले. नोकरी पक्की समजायची.

दुपार
शेजारणीचा फोन. पूंगोडीला ताप, थरथरतेय, रिक्षात घातलंय. म्हटलं, इथेच आणा. आपलंच सॉफ्टवेअर आहे.
पाय गुडघ्यापर्यंत लाल. भान अर्धवट. सिस्टर विचारत होती, कुठलं औषध सोसत नाही? पूंगोडी नुसतं हं हं. मी स्क्रीन दाखवला. एम. पूंगोडी, औषधाचा त्रास: नाही. सिस्टर म्हणाली, नक्की ना? म्हटलं, ही यादी मी स्वतः केली आहे.
पेनिसिलिन. आधी चाचणीपुरता थेंब.
हातावर पित्तासारख्या गांधी उठल्या. मग ओठ सुजले. श्वासाला शिट्टी लागली. सिस्टर ओरडली, डॉक्टर धावले, मला बाहेर काढलं.

बाहेर
दाराची वरची बिजागरी सैल आहे. दोन स्क्रू लागतील. कोणी बाहेर येत नाही. खालची ठीक आहे.

संध्याकाळ
वाचली.
सासूबाई रसमचा डबा घेऊन आल्या. पेनिसिलिन ऐकून डबा खाली ठेवला. जावईबापू, बाळंतपणात हेच झालं होतं की, याच हॉस्पिटलात! कार्डावर लाल शाईने लिहिलं होतं. म्हटलं, कार्डावर नाही. त्या म्हणाल्या, कोणाच्या कार्डावर? पहिलटकरीण माहेरी आलेली, नाव मी घातलं. तिच्या बापाचं इनिशियल लावलं. तुमचं कशाला लावू? तुम्ही होतात कुठे? मोटर गुंडाळत होतात.
याळिनीने बंद पेटी उघडली. आर. पूंगोडी. सगळं होतं. लाल शाईसुद्धा स्कॅन झालीय.

२१ जून
पूंगोडी बोलू लागली. पहिलं वाक्य: मी म्हणे नुसता कागद होते. याळिनीने सांगितलं असणार.

२३ जून
माझा नियम मागे घेतला. नियमात चूक नव्हती. माणसं नीट भरली नव्हती. दोघी पोरी आता फोन करताहेत. सुरुवातीलाच सांगतात, लोनसाठी नाही हो. लोक बोलतात. साधी युक्ती. मला सुचलीच असती.

३० जून, सोमवार
कायम घेतलं त्या दोघींतल्या नाचियारला. मला याळिनीने एकट्याला आत बोलावलं. शर्ट इस्त्रीचा होता, बरं झालं.
प्रस्ताव असा: दर तीन महिन्यांनी नवे इंटर्न येतात. काय गृहीत धरू नये हे त्यांना वीस मिनिटं सांगायचं. उदाहरण माझं. नाव लावणार नाहीत, फक्त इनिशियल.
स्पष्ट नाही म्हणालो. शेवटी ठरलं ते दर वेळचे पंधराशे रुपये, चहा आणि मेदूवडा धरून.