वरचा बर्फ

परंडा, १२ मे १९८७

प्रिय बनाअक्का,

जयभीम. हे पत्र एकटीनंच वाच, दाजींना मागाहून सांग. तीन कागद फाडून हा चौथा घेतलाय. खरं तर समोर बसून सांगायचं म्हणूनच परवा उस्मानाबादला आलो होतो. तुझ्या हातची धपाटी खाल्ली, टँकर कधी येतो यावर तासभर बोललो आणि तसाच एस.टी.त बसलो. तू विचारलंस, "मच्छिंद्रा, चित्त कुठं हाय तुझं?" मी उन्हावर ढकललं. खोटं बोललो.

इकडं चारा नाही, म्हशी आटल्यात. आमच्या दूध संघाच्या शीतकरण केंद्रात चाळीस कॅन यायचे तिथं आता अकरा येतात. बर्फाचं यंत्र मात्र चालू आहे, आणि त्याचा आवाज आला की मी उठून बाहेर जातो. तुझं ऑपरेशन ठरलं तेव्हा या बर्फाचाच केवढा दिमाख होता मला! पाळी जाऊन सहा वर्षं झाल्यावर पुन्हा अंगावर जायला लागलं, हे तू किती महिने कुणाला बोलली नाहीस. मीही भाऊ म्हणून लाजलो, पिशवीचा कॅन्सर हा शब्द अजून नीट तोंडातून निघत नाही.

पिशवी काढली त्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं होतं. काही गाठींच्या पेशींवर हार्मोनला धरून ठेवणाऱ्या जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. त्या असल्या तर प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांनी उरलेला आजार आवरायची आशा असते, नसल्या तर गोळ्यांचा फारसा उपयोग नाही. तपासणी मुंबईलाच होते. तुकडा औषधात न बुडवता कच्चाच न्यायचा, सतत बर्फात, कारण ऊब लागली की त्या जागा मरतात. मी छाती काढून म्हणालो, बर्फाचं माझ्यावर सोडा.

तुकड्याची बरणी दुधाच्या कॅनमध्ये बर्फात ठेवून मुंबईला निघालो. बार्शी सोडली आणि एस.टी. बंद पडली. भर दुपार, सावलीला एक झाड नाही. चार तासांनी दुसरी गाडी आली तोवर कॅनमध्ये नुसतं पाणी होतं, आणि ते कोमट होतं. अक्का, मी त्यात बोट बुडवून बघितलं होतं.

आमच्या धंद्यात एक खोड आहे. रस्त्यात बर्फ विरघळला तर गाडीवाला केंद्राच्या अलीकडं थांबतो, कॅनभोवतीच्या पोत्यात नवा बर्फ भरतो आणि मग फाटकात शिरतो. तपासणारा हात लावतो, गार लागलं की कॅन आत. मधे दूध किती तापलं, कुणी विचारत नाही. चौदा वर्षं मी हेच बघितलं, हेच केलं. कुर्डुवाडीला सरबतवाल्याकडून बर्फ घेतला, बरणीभोवती ठासून भरला. मुंबईत प्रयोगशाळेतल्या बाईंनी विचारलं, बर्फ सगळ्या वाटेत टिकला का? मी क्षणभरही न थांबता हो म्हणालो. दुधाच्या कॅनसारखं तुझं अंग मी फाटकातून आत ढकललं.

रिपोर्ट आला, रिसेप्टर नाहीत. गोळ्या सुरूच झाल्या नाहीत. आता तुझ्या जांघेत गाठ आलीय. तेव्हापासून एका जागी बसवत नाही मला, जेवताना उठतो, निजलो तरी उठतो. काल डॉक्टरांना जाऊन सगळं सांगितलं. शिव्या दिल्या त्यांनी, द्यायलाच हव्या होत्या. मग म्हणाले, तुला मागंच सुचवलंय तसा त्या गाठीचा छोटा तुकडा अजूनही काढता येईल, नवी तपासणी होईल. त्यातही रिसेप्टर नसतील कदाचित, पण निदान खरं कळेल. या खेपेला तुकडा त्यांचा माणूस नेणार आहे, मी नाही.

पण तू पुन्हा चाकू लावून घ्यायला तयार नाहीस. का, ते दाजींनी परवा मला वाटेला लावताना सांगितलं, म्हणून हे पत्र. तू त्यांना म्हणालीस, "माझ्या भावानं ल्हान लेकरावानी जपून नेलेला तुकडा हाय त्यो. त्याचा रिपोर्ट खोटा कसा आसंल?" खोटा आहे, अक्का. तो रिपोर्ट तुझा नाही, माझा आहे. माझ्यावरचा विश्वास आजच्या आज सोड आणि शुक्रवारी दवाखान्यात ये. मी दाराशी उभा असेन. बोलू नकोस हवं तर, पण ये.

तुझाच,
मच्छिंद्र