वकिलांच्या मुलाची गुप्त चौकशी

अकोला,
ता. ९ डिसेंबर १९६७

ती. मोरोपंतदादांस,

धाकट्या कमलाकांतचा साष्टांग नमस्कार. अमरावतीस तुमची कंबर आणि वहिनींचा राग दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. (इकडे कंबर ठीक आहे.)

तुमच्या चि. चारुशीलेसाठी इथल्या वकिलांच्या मुलाची गुपचूप चौकशी करण्याचं काम तुम्ही माझ्यावर सोपवलंत. ते फत्ते झालं, हे आधी सांगतो. शेजारीपाजारी खडा टाकून पाहणं ही जुनी रीत झाली. मी सध्या गावात लागलेला गुप्तहेराचा सिनेमा तीनदा पाहिला आहे. (अभ्यास म्हणून.) त्यातला हेर पेटीवाला बनून शत्रूच्या बंगल्यात शिरतो आणि गाणं संपेपर्यंत तिजोरीतला नकाशा त्याच्या कोटात असतो. मीही काळा चष्मा लावला, शाळेची पेटी उचलली आणि तुमच्या पाकिटातून आलेल्या चिठ्ठीतल्या पत्त्यावर गेलो. तिथे सत्यनारायण होता, तेव्हा सरळ भजनी मंडळात घुसलो. दारात मोलकरीण गंगूबाई म्हणाली, "मास्तर, काहून काया चश्मा लावून राहिले? डोये आले काय?" (तिचा नातू माझ्या वर्गात आहे. पण हेर डगमगत नसतो.)

पेटी उघडली, डोळे मिटले, आणि बोटांनी सवयीनं सिनेमातल्या नाचगाण्याचीच चाल धरली. गुरुजींच्या हातून पळी पडली. यजमान मला दाराबाहेर काढायला उठले, तोच त्यांच्या मुलानं तबला ओढला आणि त्याच चालीवर देवाचं नाव घालून गायला लागला. बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला. दादा, परक्या माणसाची लाज अशी राखणारा मुलगा आपल्या चारूला कधी एकटं पाडणार नाही. मला फार बरं वाटलं. गोत्र, पत्रिका, पगार सगळं प्रसादाचा शिरा खाताखाता काढून घेतलं आणि तुमच्या वतीनं तिथेच सुपारी फोडली. चारचौघांत दिलेला शब्द आहे, आता मागे घेता येणार नाही.

आपला विजयी,
कमलाकांत

ता. क. मुलाचं नाव उद्धव. तो हायस्कुलात शिकवतो. तुमचे वकील समोरच्या घरात राहतात, असं नंतर कळलं.

ता. क. दुसरा. नंतर कळलं हे खोटं. तुमच्या पाकिटातली पत्त्याची चिठ्ठी चारूनं बदलली होती. कॉलेजात ती आणि उद्धव एका वर्गात होते म्हणे. लहानपणी तिच्याकडून अक्षरं मीच गिरवून घेतली, तिचा हात मी ओळखणार नाही का? रागवायचं ते माझ्यावर रागवा. तिला फक्त हो म्हणा.