टौरियावरचे हात

२ मार्च १९८६

गुडघे बोलायला लागले! मऊरानीपुरच्या बसने फाट्यावर उतरले आणि टौरिया चढून गेले. खडकाळ टेकडीला इकडे टौरिया म्हणतात, वरच्या वस्तीलाही तेच नाव. वस्तीतल्या सगळ्यात थोरल्या जानकी कक्कोने आधी ताक पाजलं, मग कपारीत नेलं.

गावात आलेल्या प्रत्येक सुनेचा हात तिथे खडकावर आहे. गेरू आणि जवसाच्या तेलात बुडवून उमटवलेला. सासूच्या हाताखाली सुनेचा, तिच्याखाली तिच्या सुनेचा. लिहिलेलं एक अक्षर नाही, सगळं बायकांच्या तोंडात. कक्को सांगत जाते – ही माझी सासू, ही तिची सासू, ही वाकड्या करंगळीची, हिने दुष्काळात विहीर खोदायला लावली. मी फोटो काढत गेले. हात उमटल्याशिवाय नवी सून घरची चूल पेटवत नाही. कक्कोच्या नातवाचं लग्न मे महिन्यात आहे. त्याची आई गेली, तिचा हात मात्र आहे. त्याच्याखाली जागा राखून ठेवलीय.

पण खालून दगडाची खाण वर सरकतेय. एखाद दिवशी सुरुंग लावतील आणि सगळं भुईसपाट. मला त्या धास्तीने घास गोड लागत नाही.

९ मार्च

विद्याधर जेवायला आला होता. माझा धाकटा भाऊ आता वारसा समितीचा सचिव आहे, त्यामुळे चालही बदललीय. फोटो बघून म्हणाला, "ताई, ये तो खजाना है! समितीने ताब्यात घेतलं की खाणवाल्याची हिंमत होणार नाही. एक पाटी लावू, बस."

मी विचारलं, आणि सुनांचे हात?

"अगं, त्यांचंच आहे ते. त्यांना कोण अडवणार?"

तो गेल्यावर हे म्हणाले, "तुझा भाऊ आज फार गोड बोलत होता." ह्यांना माझ्या माहेरचं कुणी कधी पटलंय! ह्यांच्या डोक्यात सध्या एकच – ऑगस्टमध्ये रिटायर झालो की झाँसीच्या नगऱ्यातलं हे रेल्वेचं क्वार्टर सोडायचं, तू घर बघायचं सोडून डोंगर काय चढतेस.

१६ मार्च

टौरियावर समितीचं सांगितलं, तर कक्को ऐकेना. "बिन्नू, बाहर कौ आदमी आहै तौ कछू लैकेंई जैहै." बिन्नू म्हणजे मी; बाहेरचा माणूस आला तर काहीतरी घेऊनच जाणार, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, बाहेरचा कुठला, माझा सख्खा भाऊ आहे. काही झालं तर मला धरा. बाकीच्या बायका कक्कोकडे बघत होत्या. शेवटी ती म्हणाली, "तुमाई जबान पै." माझ्या शब्दावर.

२ एप्रिल

विद्याधरची माणसं मोजमाप करून गेली. खाणवाला थंड पडलाय. शेजारी पेढे वाटले.

२० एप्रिल

काय लिहू.

आज उद्घाटन होतं. मी नवी साडी नेसून गेले. कपारीला वरपासून खालपर्यंत लोखंडी जाळी! मधे दार, दाराला हे एवढं कुलूप. बाजूला संगमरवरी पाटी, तिच्यावर विद्याधरचं नाव. 'शोध' त्याने लावला म्हणे. टौरियावरच्या एकाही बाईचं नाव नाही. बायका मागे उन्हात उभ्या, खुर्च्या झाँसीच्या पाहुण्यांना.

भाषणात सगळ्यांदेखत म्हणाला, "हमारी ताई न होतीं, तो ये महिलाएं हमें अंदर पैर न रखने देतीं." टाळ्या झाल्या. मी मान वर केली नाही. कक्को माझ्याकडे बघतेय हे न बघता कळत होतं.

२३ एप्रिल

विद्याधरच्या घरी गेले. चावी माग, म्हणून स्वतःलाच बजावत गेले होते. तो आंबा चिरत होता. म्हणाला, "नवा हात म्हणजे जुन्यांची खराबी. तेलाचे ओघळ येतात, ताई. वारसा आहे तो, गावची भिंत नाही."

"मग माझ्याशी खोटं का बोललास?"

"खरं सांगितलं असतं तर तू त्यांना तयार केलं असतंस का?"

हे तोंडावर! आणि वर फोड पुढे केली. लहानपणी ह्याचा शेंबूड मी पुसला. आई गेल्यावर ह्याला भरवल्याशिवाय मी जेवले नाही. आणि ह्याने मला शिडीसारखं वापरलं, वर चढला आणि शिडी लाथाडली. फोड तशीच ठेवून उठले. त्याच्या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही.

११ मे

लग्न झालं. तोंड कुठे लपवू असं होऊनही गेलेच. वरात उतरल्यावर बायका सुनेला घेऊन कपारीशी आल्या. राखणदार कक्कोचाच पुतण्या, समितीने नोकरी दिलीय. बिचारा मान खाली घालून उभा. चावी झाँसीत, त्याच्याकडे नाहीच.

कक्को माझ्यापुढे आली. "हमाई बहू हात कितै धरै, बिन्नू?"

सुनेने हात कुठे टेकवायचा, विचारत होती. मुलगी जाळीपुढे उभी होती, तळव्यावरचा गेरू वाळून तडकत होता. शेवटी कुणीतरी तिचा हात धुतला. त्या घरी चूल पेटली नाही, शेजारून भाकऱ्या आल्या.

१२ मे

ह्यांना सगळं सांगून रडले. म्हणाले, "हातोडा आपल्याकडे आहे." पहिल्यांदा माझ्या बाजूने बोलले. पण कुलूप तोडलं तर नोकरी त्या पुतण्याचीच जाणार.

१८ मे

सकाळी दारात जानकी कक्को. मागे नवी सून, हातात गेरूची वाटी. कक्को बसली नाही. "जबान तुमाई हती, तौ हात सोई तुमाओ," म्हणाली, शब्द माझा तर हातही माझाच, आणि माझा हात गेरूत बुडवून बैठकीच्या भिंतीवर दाबला. त्याच्याखाली सुनेचा. "अब जेई हमाओ पथरा. संभारकें राखियो." आता ही भिंतच त्यांचा खडक, मी सांभाळायचा. पोरगी हसली. चहाही न घेता दोघी चूल पेटवायला परत गेल्या.

ऑगस्टमध्ये क्वार्टर सोडायचं. दुसरं कुणी यायच्या आधी रेल्वेवाले भिंतींना चुना मारतात.

कक्कोला मी हे सांगितलं नाही.